दुपारचं ताट

प्रिमितीवाने आज यापा घातली नाही. बटाटे तोलले, तीन गाजरं टाकली, एक कांदा, वर मूठभर चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेला तो काळा बटाटा, आणि पैसे घेऊन एप्रनच्या खिशात सारले. देल्फीना नेहमीसारखी पिशवीचं तोंड उघडं धरून उभी राहिली. माल तोलून झाला की विकणारीने वरून काहीतरी घालायचं, दोन शेंगा, एखादा बारका बटाटा, पार्स्लेच्या चार काड्या, ती यापा. ती मागावी लागत नाही आणि मागितलीच तर हसत मागायची असते. विकणारी घेणारीला कासेरा म्हणते, घेणारीही विकणारीला कासेराच म्हणते, आणि एकदा कासेरा झाली की जन्मभर दुसरीच्या ढिगापुढे उभं राहायचं नाही. देल्फीनाची आई याच प्रिमितीवाची कासेरा होती. आई गेली तशी ही वारशाने आली. आज पिशवी उघडीच राहिली. प्रिमितीवा दुसऱ्या गिऱ्हाइकाचे टोमॅटो निवडू लागली होती. तिने मान वर केली, पिशवीकडे पाहिलं आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "एवढ्याशा मालावर काय घालू, कासेरा? तूच सांग." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तिने ते काळजीने म्हटलं, म्हणून देल्फीनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काहीबाही बोलून, हसून, पिशवी मिटून ती तिथून निघाली.

घर वर, डोंगराच्या अंगावर. पायऱ्या चढताना पूर्वी पिशवीने खांदा ओढायचा आणि मधल्या वळणावर टेकावं लागायचं. आज टेकायची गरज नव्हती तरी ती टेकली. गोष्ट एवढीशी होती, एक बटाटा, फार तर दोन. पण तो बटाटा तिच्या हिशोबात धरलेला होता. फुकटात मिळणारी वस्तू हिशोबात धरू नये, हे काय तिला कळत नव्हतं? कळत होतं. पण गेले कितीतरी आठवडे त्या दोन शेंगांचं, चार काड्यांचं बाबांचं संध्याकाळचं खाणं होत होतं, आणि होता होता ती यापा राहिली नव्हती, हक्क झाली होती. आई असती तर तिने प्रिमितीवाला सोडलं नसतं. "काय गं, तुझ्या शेतात दगड पिकले का यंदा?" असं म्हणून स्वतःच हात घालून दोन बटाटे उचलले असते, आणि प्रिमितीवाने शिव्या देत तिसरा टाकला असता. आईला मागता यायचं, कारण आईची पिशवी जड असायची. मागणं हेही ज्याच्याकडे आहे त्यालाच शोभतं. रिकाम्या पिशवीने मागितलं की त्याचं नाव बदलतं. डोक्यावरून केबलकार सरकत गेली. आत बसलेली माणसं खाली पाहत होती आणि देल्फीनाला उगाच वाटलं की त्यांना वरून तिच्या पिशवीच्या तळाशी काय आहे ते दिसतंय.

तसं घरात भांडण नव्हतं, व्यसन नव्हतं, कोर्टकचेरी नव्हती. देल्फीना, पन्नाशीची, बिनलग्नाची, बायकांच्या घेरदार झग्यांना झालर लावून देणारी; आणि तिचे वडील फाउस्तीनो, एके काळी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बस हाकणारे, आता खिडकीशी बसून कुठली बस जातेय हे आवाजावरून ओळखणारे. बस ओळखत, पण सकाळ आहे की दुपार हे त्यांना सांगता येत नसे, आणि कधीकधी समोर उभी आहे ती मुलगी की कोण बाई, हेही. आई जाताना शुद्धीवर होती. देवाधर्माचं काही बोलली नाही. देल्फीनाचं मनगट धरून एवढंच म्हणाली की ह्यांना परक्याच्या ताटात जेवायला लावू नकोस. देल्फीना हो म्हणाली. त्या वेळी हो म्हणणं काहीच जड नव्हतं. तेलाची बाटली तेव्हा माणसासारखी वागत होती, तांदूळ वागत होते, आणि धाकटी बहीण ग्लादिस खाली मैदानातल्या सांताक्रूस शहराहून जे पाठवी त्यात महिना निघून थोडं वर उरत असे. ग्लादिस अजूनही तेवढंच पाठवते, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. तिला दोष कसा द्यायचा? पाठवलेलं तेवढंच राहिलं आणि बाजार पुढे निघून गेला, उभ्या माणसाच्या बाजूने भरधाव बस निघून जाते तसा.

ग्लादिस फोनवर गोड बोलते. "ताई, दोन माणसांना लागतं तरी किती गं?" असं ती खरंच कुतूहलाने विचारते. तिच्या तिकडे नन्सचा एक आश्रम आहे, म्हाताऱ्यांना बाग आहे, दुपारी झोपायला पंखे आहेत, दिवसातून चार वेळा खायला देतात. जमत नसेल तर सांग, मी बाबांना घेऊन जाते, तूही मोकळी होशील. हे ती दर महिन्याला म्हणते, आणि दर महिन्याला देल्फीना म्हणते की जमतंय. कसं जमतंय ते ग्लादिसने कधी विचारलं नाही. फडताळात चार एनॅमलचे मग ओळीने ठेवले होते, प्रत्येक आठवड्याचा एक. बाजारखर्च आधीच चौघांत वाटून टाकायचा आणि या आठवड्याचा मग रिकामा झाला की पुढच्यात हात घालायचा नाही, मग आभाळ कोसळो. पहिल्यांदा मांस गेलं. मग दूध. मग लोणी, साखर, दुपारच्या सूपमधली शेंगदाण्याची पूड. अंडी आजाऱ्याच्या खाण्यात जमा झाली. शेगडी एकदाच पेटवायची, दुपारी, आणि त्याच आचेत संध्याकाळचा चहा करून किटलीला शाल गुंडाळून ठेवायची. ह्या सगळ्याचा तिला एके काळी अभिमानसुद्धा वाटला होता. शिलाईचं काम करताना उरलेल्या चिंधीतून कॉलर काढली की वाटतो तसा. काटकसर ही पहिल्यांदा कला असते. मग ती सवय होते. आणि एक दिवस बघावं तर कापायला कापड उरलेलं नसतं आणि कात्री हातात तशीच चालू असते.

दार उघडलं तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते, दोन्ही हात पुढ्यात, टोपी डोक्यावर. दुपारच्या जेवणाची वाट बघताना ते असेच बसतात.   "आलीस का?" बाबा म्हणाले. "वाढतेस ना? भूक लागलीय गं." तिने पिशवी ओट्यावर ठेवली. पाठ तशीच ठेवून, गाजरं एकेक काढत, ती म्हणाली, "असं काय करता बाबा. आत्ताच नाही का जेवलात?"

हे असं पहिल्यांदा घडलं तेव्हा ते खोटं नव्हतं. थंडीचे दिवस होते, बाबांनी सूप खाल्लं होतं, बटाटा-चुन्योची थाळी चाटूनपुसून खाल्ली होती, आणि ताट उचलून ती वळली तोच ते म्हणाले, वाढ ना. ती हसली. म्हणाली, जेवलात की. बाबांचा चेहरा पडला, मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "हो का? विसरलो बघ. माफ कर हं पोरी." किती सहज मानलं त्यांनी! त्या वेळी तिच्या मनात काहीही आलं नव्हतं, ही गोष्ट ती पुन्हापुन्हा स्वतःला बजावून सांगते. पण पुढे एकदा आठवड्याचा मग लवकर रिकामा झाला. दोघांच्या वाट्याचं एकदाच होईल एवढंच पातेल्यात होतं आणि ते रात्रीसाठी ठेवलं नाही तर बाबा रात्रभर उठूनबसून राहणार होते. दुपारी ते टेबलाशी येऊन बसले. जीभ आपोआप वळली. जेवलात की, बाबा. आणि बाबा म्हणाले, हो का, विसरलो बघ.

सोपं होतं म्हणून ती घाबरली, आणि सोपं होतं म्हणूनच ते पुन्हा झालं. आधी आठवड्याच्या शेवटी, मग मध्यावर, मग नेमाने. दुपारचं ताट दिवेलागणीला सरकलं आणि मग अचानक चार मगांत महिना बसू लागला. तिच्याही पोटाची तीच गत होती, ती काही चोरून खात नव्हती, देवाशपथ. पण तिला निदान ठाऊक होतं की आपण जेवलो नाही. बाबांना भूक लागायची आणि ती खरी आहे यावरच त्यांचा विश्वास बसायचा नाही. सुरुवातीला ते तपासून बघत. जीभ दातांवरून फिरवत, कुठे काही अडकलंय का. बोटं नाकाशी नेऊन वास घेत, मिरचीच्या चटणीचा वास बोटांना तासभर राहतो ना. मग तिच्याकडे बघत, गोंधळून, पण संशयाने कधीच नाही. तो संशय डोळ्यांत एकदा जरी आला असता, एकदा जरी त्यांनी टेबलावर मूठ आपटून, पूर्वी बसमध्ये फुकट्या प्रवाशावर ओरडत तसं ओरडून म्हटलं असतं की खोटं बोलतेस तू, तर ती त्यांच्या पायांवर कोसळली असती आणि सगळं तिथेच संपलं असतं. ते ओरडले नाहीत. तेव्हा तिने पुढची गोष्ट केली. आदल्या रात्रीचं खरकटं ताट धुतलं नाही. पाण्याचीही बचत, असं मनात म्हणत तिने ते झाकून ठेवलं, आणि दुपारी टेबलावर, त्यांच्या पुढ्यात, चमच्यासकट मांडून ठेवलं. बाबांनी ताटात वाळलेला सूपचा डाग पाहिला, बोटाने खरवडून पाहिला, आणि त्यांचं समाधान झालं. ते टोपी काढून खिडकीशी जाऊन बसले.

आजही ते तसेच उठले. जाता जाता थांबले, पोटावर हात ठेवून म्हणाले, "पण पोट रिकामं वाटतंय गं." ती म्हणाली की म्हातारपणी वाटतं तसं. "असेल," बाबा म्हणाले. देल्फीना गाजर सोलत राहिली. गाजराची साल ती आताशा फेकत नव्हती, मग सोलत कशाला होती कोण जाणे. तिच्या मनात आलं की तिकडे सांताक्रूसला चार वेळा खायला देतात. आलं ते आलंच, मग हलेना. परक्याच्या घरी पोटभर की आपल्या घरी उपाशी, हा प्रश्न कुणा शहाण्याला विचारला तर तो हसेल. यात विचारायचं काय आहे? पण मनगटावरची ती पकड अजून सुटत नव्हती. आणि खरं सांगायचं तर एकट्या आईचं नाव कशाला घ्या. बाबा गेले की या खोलीत कोण राहणार होतं? झालर लावता लावता कुणाशी बोलणार होती ती? दार उघडताना कुणी विचारणार होतं का, आलीस का म्हणून? स्वतःच्या भीतीपायी ती त्या म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढत होती आणि त्याला वचन हे नाव देत होती. इतकं स्वच्छ तिला दिसलं, आणि दिसूनही तिने गाजर बारीक चिरलं आणि शेगडी पेटवली नाही.

त्यात मृतांचा सण तोंडावर आला. खालच्या मजल्यावरची एमिलियाना पिठाची गोणी घेऊन जिन्यात भेटली. भट्टीवाल्याकडे सगळ्याजणी मिळून पाळी लावतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाव भाजून आणतात, माणसाच्या आकाराचे, रंगवलेलं तोंड चिकटवलेले, शिडीच्या आकाराचे. गेलेला जीव नोव्हेंबरच्या एक तारखेला दुपारी घरी येतो, दुसऱ्या दिवशी दुपारी परत जातो. तेवढ्यासाठी त्याच्या आवडीचं सगळं टेबलावर मांडायचं. पहिली तीन वर्षं तर चुकवायचंच नाही, कारण जीव नवा असतो, दमलेला असतो, भुकेलेला असतो, आणि तिसऱ्या वर्षी त्याला पोटभर जेवू घालून कायमचा निरोप द्यायचा असतो. आईचं हे तिसरं. एमिलियानाने विचारलं, "पीठ आणलंस का? तुझी पाळी लावून टाकते." देल्फीनाच्या तोंडून निघून गेलं की यंदा ग्लादिसकडे मांडणार आहेत, तिचं घर मोठं आहे. एमिलियाना पायरीवर थबकली. "अगं, आईचा जीव इथून गेला, या घरातून. तो सांताक्रूसचा पत्ता विचारत बसणार आहे का?" असं म्हणून ती स्वतःच हसली, पण हसणं पुरतं आलं नाही. मग आवाज उतरवून म्हणाली की फाउस्तीनो काका फार वाळलेत, डॉक्टरला दाखव. दाखवते, देल्फीना म्हणाली.

पाव करायचा म्हणजे पीठ, लोणी, अंडी, बडीशेप, भट्टीचं भाडं. त्यात या महिन्याचे दोन मग उपडे झाले असते. मेलेल्या आईला वाढून जित्या बापाला काय घालायचं? हा हिशोब इतका सरळ होता की कुणीही मान डोलवली असती. तिने गेली दोन वर्षं मांडलं होतं की साग्रसंगीत. आई समजून घेईल. आईने स्वतःच एका कोंबडीत तीन दिवस काढलेत. असं सगळं ती एकटीच बोलत राहिली. एक तारखेला दुपारी गल्लीभर फटाके वाजले, घरोघर जीव पोचल्याचे. एमिलियानाच्या दारातून ताज्या पावाचा वास जिन्याने वर चढला आणि दाराच्या फटीतून आत येऊन बसला. बाबा दिवसभर अस्वस्थ होते. नाक वर करून वास घेत, उठत, दारापर्यंत जात, परत येत. टेबलावर खरकटं ताट मांडलेलं होतं. आज त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोण आलंय गं?" असं दोनदा विचारलं. कोणी नाही बाबा, ती म्हणाली. आणि तिच्या अंगावर काटा आला, कारण आईचा जीव आला असेलच, तर तो आत्ता याच टेबलाशी उभा राहून त्या वाळलेल्या ताटाकडे बघत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला झग्यांचा गठ्ठा पोचवायचा होता. सणाच्या दिवशी गिऱ्हाइक घाईला येतं. बाबा झोपलेले बघून तिने दार नुसतं ओढून घेतलं. परत आली तेव्हा दार उघडं होतं, खुर्ची रिकामी होती, आणि खुंटीवरची बाजाराची पिशवी नव्हती. एमिलियाना सगळं आवरून आपल्या माणसांना निरोप द्यायला कब्रस्तानात निघाली होती. ती म्हणाली, "काका गेले की मघाशी. चांगले टोपीबिपी घालून. मला वाटलं तू कब्रस्तानात पुढे गेलीस आणि ते तुझ्यामागून चाललेत. पिशवी होती हातात." देल्फीना शाल डोक्यावरून घेऊन पायऱ्या उतरत सुटली. बस, रस्ते, वाहनं, उतार. आणि म्हाताऱ्याच्या पोटात काल संध्याकाळपासून काही नाही. काही झालं तर ग्लादिसला काय सांगायचं, हे तिला पहिल्यांदा सुचलं, आणि पहिल्यांदा हे सुचावं याचीच तिला किळस आली.

कब्रस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतींतल्या खणाखणांत मेलेली माणसं, खणांना काचेची दारं, वरच्या ओळींना शिड्या लावलेल्या, शिड्यांवर फुलं घेऊन चढलेले लोक, खाली जमिनीवर पथाऱ्या आणि टोपल्या. मध्येच बासरी, ढोल, रडणं, हसणं. आणि गर्दीतून फिरणारे ते प्रार्थना म्हणणारे. ज्याच्या घरचं कुणी गेलंय त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं, मयताचं नाव विचारायचं, त्या नावाने प्रार्थना म्हणायची. मग घरचे लोक टोपलीतून पाव, केळं, जे असेल ते त्याच्या पिशवीत घालतात. खाणाऱ्याच्या तोंडाने मेलेला जेवतो असं मानतात. आंधळे येतात, गावाकडची पोरंटोरं येतात, आणि ज्यांच्या घरी चूल नसते ते येतात. देल्फीना माणसांना कोपरांनी ढकलत आईच्या ओळीकडे निघाली, दुसरीकडे कुठे शोधायचं तेच तिला कळत नव्हतं. आणि आईच्या ओळीच्या तोंडाशीच तिला आवाज ऐकू आला. कोरडा, खणखणीत, शेवटचा थांबा पुकारताना असायचा तसा. बाबा.

ते एका गुबगुबीत कुटुंबापुढे गुडघे टेकून बसले होते, टोपी काखेत, डोळे मिटलेले. कालचा दिवस आठवत नसलेल्या माणसाला प्रार्थना मात्र अथपासून इतिपर्यंत येत होती, एक शब्द अडत नव्हता. तिला माहीत नव्हतं, पण गावाकडे लहानपणी त्यांनी याच दिवशी प्रार्थना म्हणून मिळवलेल्या पावांवर अख्खा नोव्हेंबर काढला असणार. त्या घरची बाई डोळे पुसत होती. प्रार्थना संपली, "पोचो त्यांना," बाबा म्हणाले, "पोचो," सगळे म्हणाले, आणि त्या बाईने ओंजळी भरभरून त्यांच्या पिशवीत पाव घातले. पिशवी भरत आली होती. हीच ती पिशवी, हे तिने ओळखलं आणि नजर वळवली. बाबांनी एक पाव तिथेच मोडून तोंडात घातला. घाईघाईने नाही, चवीने, डोळे मिटून, आणि चावता चावता त्यांचा चेहरा इतका तृप्त झाला की तिने तो तसा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्यांना माहीत होतं. त्यांच्या डोक्याला माहीत नव्हतं, पण पायांना माहीत होतं, पोटाला माहीत होतं. जिथे नाव घेतल्यावर खायला मिळतं तिथे त्यांचे पाय त्यांना घेऊन आले होते.

ती त्यांच्याकडे गेली नाही. आईच्या खणापाशी जाऊन पाठ टेकून उभी राहिली. शेजारच्या खणांपुढे फुलं, पाव, मिठाई यांची दाटी होती. आईच्या काचेपुढे काही नव्हतं, गेल्या वर्षीची वाळकी काडीसुद्धा नव्हती. तिने शाल ओढून घेतली. बाबा एकेक कुटुंब करत ओळीने पुढे येत होते. मधे एकदा वाटलं की पळून जावं. मग वाटलं की ते बघतील, ओळखतील, आणि सगळ्या लोकांदेखत विचारतील. विचारू देत. तिला आता तेच हवं होतं.

बाबा तिच्यापुढे येऊन थांबले. तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती, परक्या दुःखी बाईकडे बघावं तशी माया होती. टोपी काढून ते म्हणाले, "कुणासाठी म्हणू, बाई? नाव सांगा."

तिच्या डोक्याच्या वर, काचेमागे, आईचं नाव कोरलेलं होतं. तेवढंच वाचून दाखवायचं होतं.

"फाउस्तीनो," देल्फीना म्हणाली.

"कोण तुमचे?"

"वडील."

"नवीन गेलेत का?"

 तिने होकाराची मान डोलवली. बाबा गुडघे टेकून खाली बसले. गुडघ्यांचा आवाज झाला. आणि त्यांनी फाउस्तीनोसाठी प्रार्थना म्हटली, आधीच्या सगळ्यांपेक्षा सावकाश. प्रत्येक वेळी नाव आलं की किंचित थांबून, नीट, जपून उच्चारत होते, हा कुणीतरी चांगला माणूस असणार अशा आवाजात. तिला ते थांबवायचं होतं, खांद्याला धरून उठवायचं होतं. ती उभी राहून ऐकत राहिली. बाजूच्या पथारीवरची बाई तिच्या दुःखात सामील म्हणून क्रूसाची खूण करत होती. "पोचो त्यांना," बाबा शेवटी म्हणाले. "पोचो," पथारीवरची बाईच म्हणाली. बाबा भिंतीला धरून उठले, आणि पिशवीचं तोंड उघडं धरून तिच्यापुढे उभे राहिले.

तिचे हात रिकामे होते. शालीखाली नाही, खिशात नाही, कुठेच काही नव्हतं. तिने तरी दोन्ही हात पुढे केले, का ते तिला सांगता आलं नसतं. बाबांनी त्या हातांकडे पाहिलं, मागच्या काचेकडे पाहिलं, खालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग स्वतःच्या पिशवीत हात घालून, चाचपून, त्यातल्या त्यात मोठा पाव काढला आणि तिच्या हातांत ठेवला.

"हा त्याला ठेवा, बाई," ते म्हणाले. "नवीन असताना फार भूक लागते त्यांना."

आणि टोपी घालून ते पुढच्या कुटुंबाकडे वळले. त्यांची पाठ गर्दीत अजून दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण कुठल्या तोंडाने मारणार?